लाल गाडीसाठी एक गतिरोधक

४ फेब्रुवारी
आजपासून पुन्हा रोजनिशी. कारण: सूड.
(सूड हा शब्द खोडून वर 'नागरिकांची सुरक्षितता' असं लिहिलं आहे. खालचा शब्द तरी दिसतोच. पेन जरा जास्तच चांगलं आहे.)
हकीकत अशी. संध्याकाळी दुकानातून अंड्यांचे दोन ट्रे घेऊन आपल्याच घरासमोर रस्ता ओलांडत होतो. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये. ऑफिसचा होता, महत्त्वाचा. तेवढ्यात आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरची, म्हणजे दातवाल्याची, लाल गाडी आली. सुसाट. मी प्रसंगावधान राखून झेप घेतली ती थेट समोरच्या नर्सबाईंच्या कुंपणात. अंडी माझ्या आधी पोहोचली.
दातवाल्याने काच खाली केली आणि विचारलं, काका, लागलं नाही ना? आणि हसला. स्वतःच्या धंद्याची जाहिरात असावी तसा, सगळे दात दाखवून.
काका! मी बावन्न वर्षांचा, तो चाळिशीचा. एवढ्याशा फरकात माणूस काका होत नाही.
सगळ्या रस्त्याने पाहिलं. आईनेही. ती रोज पाच वाजता नर्सबाईंकडे रमी खेळायला जाते. व्हरांड्यात बसली होती, हातात पत्ते. घरी आल्यावर म्हणाली, गाडी केव्हाच थांबली होती, तूच उलटा पळालास. आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. मी विमा कंपनीत दावे तपासतो. असा साक्षीदार मी चहा निवायच्या आत बाद केला असता.
ही म्हणाली, शर्ट आत्ताच्या आत्ता भिजत घाला, अंड्याचा डाग बसतो. मूळ प्रश्नाबद्दल एक शब्द नाही.

५ फेब्रुवारी
ऑफिसात सुडाचा विचार. टायर पंक्चर करणे: गुन्हा. पोलिसात तक्रार: पुरावा कुंपणात. बोलणं सोडणे: बोलतोच कुठे?
जेवणाच्या सुट्टीत सुचलं. गतिरोधक! त्याची गाडी बुटकी. पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. त्याच्या फाटकासमोर एक चांगला जाडजूड गतिरोधक बसला की रोज सकाळी जाताना खर्रर्र, रोज संध्याकाळी येताना खर्रर्र. जन्मभर. तेही सरकारी खर्चाने आणि कायदेशीर.
दुपारभर एकही दावा तपासला नाही. गतिरोधकाची चित्रं काढली.

७ फेब्रुवारी
नगरपालिकेत गेलो. रस्ते विभाग, दुसरा मजला. माझी समजूत अशी की नागरिकाने मागायचं आणि त्यांनी बांधायचं. तसं नसतं. निकष असतात.
इंजिनिअरबाई वयाने लहान, पण बोलायला पक्क्या. त्यांनी सगळं समजावलं. आधी रस्त्यावरच्या दर तीन घरांपैकी दोन घरांची संमती. मग रस्त्यावर आठवडाभर रबरी नळ्या टाकतात. त्यावरून चाक गेलं की गाड्या किती आणि वेग किती ते मोजलं जातं. मग पॉइंट: शाळा आहे का, फुटपाथ आहे का, पायी माणसं किती ओलांडतात, वगैरे. 'वगैरे' हे माझं. त्या पुढे बरंच बोलत होत्या, पण मला मूळ मुद्दा कळला होता.
मी म्हटलं, एवढी भानगड कशाला? त्या म्हणाल्या, काय करणार, इथे येणाऱ्या प्रत्येकाला शेजाऱ्याच्या दारात गतिरोधक हवा असतो, स्वतःच्या दारात कुणालाच नको.
मी खूप हसलो. जरुरीपेक्षा थोडं जास्त वेळ हसलो असं नंतर वाटलं.

९ फेब्रुवारी
पोटाची उंची नक्की करणे आवश्यक. त्याची गाडी फाटकाबाहेर उभी होती, म्हणून पट्टी घेऊन रस्त्यावर आडवा झालो. बरोबर त्याच वेळी दातवाला बाहेर आला. काका, काही पडलं का? मी म्हटलं, बटण. तर हा प्राणी शेजारी गुडघे टेकून मोबाइलच्या उजेडात बटण शोधायला लागला. नसलेलं बटण! पाठ धरेपर्यंत शोधलं आम्ही दोघांनी.
कसला डँबिस माणूस आहे.

१० फेब्रुवारी
आज दातवाल्याने एक बटण आणून दिलं. निळं. म्हणाला, तुमचंच का? मी हो म्हटलं. दुसरा इलाज नव्हता. पुरावा म्हणून खणात ठेवलं आहे. कशाचा पुरावा, ते पुढे ठरवीन.

१४ फेब्रुवारी
संमतीच्या सह्या. घरोघर फिरलो. सर्वांना गतिरोधक हवा आहे, फक्त आपल्या दारात नको. बेकरीवाला म्हणाला, माझ्या व्हॅनमधले केक उडतील. मी प्रत्येकाच्या कानात सांगितलं की तो दातवाल्याच्या दारात येणार आहे. मग सह्या भराभर मिळाल्या. माणसांचा सार्वजनिक कामाचा उत्साह पाहून भरून आलं.
दातवाल्याचं घर मुद्दाम गाळलं होतं. तर स्वतःच फाटकात येऊन उभा. कागद वाचला, सही ठोकली, वर म्हणाला, फार चांगलं काम करताय काका, आजी रोज ओलांडतात, मला भीतीच वाटत असते.
आजी म्हणजे माझी आई. तिची कवळी यानेच केली आहे, तेव्हापासून आई त्याला 'आपला डॉक्टर' म्हणते. आपला!
याने सही का केली? यात काहीतरी डाव आहे. आतल्या गाठीचा माणूस.

२४ फेब्रुवारी
नळ्या आल्या! दोन माणसांनी येऊन खिळ्यांनी ठोकल्या. काळ्या, बारीक, दिसायला काही नाहीत. पण या दोन नळ्यांवर त्याचं नशीब ताणलेलं आहे.
सर्व्हेच्या कामात कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून आठवडाभर रजा टाकली. अपघात पाहायला जाताना कंपनी देते ते भगवं चमकणारं जाकीट घालून नळ्यांपाशी उभा राहतो. हातात पॅड. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे रोखून पाहतो.

२७ फेब्रुवारी
ही म्हणाली, अहो, तुम्हाला बघून सगळे ब्रेक मारतात, पोलीस वाटता तुम्ही. मी तिला सांगितलं की शास्त्रीय मोजणीवर असल्या गोष्टींचा परिणाम होत नसतो.
मात्र पोलीस वाटतो हे ऐकून बरं वाटलं. उद्या टोपी घालीन.

८ मार्च
निकाल. नापास.
रस्त्याचा वेग सत्तावीस. मर्यादा तीस. म्हणजे आपला रस्ता आदर्श आहे! इंजिनिअरबाई अभिनंदन केल्यासारख्या बोलत होत्या.
मी म्हटलं, लाल गाडीचं काय? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला घेरी यायची बाकी राहिली. म्हणे शंभर गाड्या हळूपासून जोरापर्यंत ओळीत लावायच्या आणि पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग धरायचा. वरच्या पंधरा सोडून द्यायच्या! म्हणजे ज्यांना धरायला पाहिजे, नेमके तेच मोकळे. मी विचारलं, उद्या एखादा शंभरच्या वेगाने गेला तर? त्या म्हणाल्या, ते पोलिसांचं काम. एका माणसासाठी रस्ता बदलत नाही, सगळ्यांच्या सवयीप्रमाणे बदलतो.
मी म्हटलं, मला तर एकाच माणसासाठी बदलायचा आहे. (हे मनात.)
निघताना त्या म्हणाल्या, परिस्थिती बदलली तर परत अर्ज करू शकता, तीन महिन्यांनी पुन्हा मोजतो. फाइलमधलं दुसरंही एक पान उलटून काहीतरी दाखवत होत्या, पायी ओलांडणाऱ्यांबद्दल. मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. परिस्थिती बदलली तर.

९ मार्च
परिस्थिती बदलणे.
एकट्या दातवाल्याचा वेग मोजत नाहीत ना? ठीक आहे. मग सगळ्यांचाच वाढवतो. पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी गाड्या उडत गेल्या पाहिजेत. मग सरकार गतिरोधक देईल आणि लाल गाडी खर्रर्र.
योजनेचं सार: रस्ता सुरक्षित करण्यासाठी तो आधी धोकादायक करणे.
वाचताना जरा विचित्र वाटतं. पण तर्क बिनतोड आहे.

१६ मार्च
पहिला अडथळा: आमच्या घराजवळचा खड्डा. कन्येच्या जन्माच्या आधीपासून आहे. सगळे तिथे ब्रेक मारतात. डांबराची तयार पोती आणून स्वतः भरला. कंबर गेली. नर्सबाईंनी सरबत पाठवलं, म्हणाल्या, नगरपालिकेने वीस वर्षांत केलं नाही ते तुम्ही केलंत. टाळ्या वाजल्या. नम्रपणे स्वीकारल्या.
दातवालाही आला होता, घमेलं उचलू लागला. मी घमेलं सोडलं नाही. थोडी ओढाताण झाली.

२२ मार्च
दुसरा अडथळा: बेकरीची व्हॅन. कायम अर्धा रस्ता अडवून उभी. बेकरीवाल्याला सांगितलं की उन्हाने क्रीम फाटतं, व्हॅन मागच्या गल्लीत सावलीला लावत जा. त्याला पटलं. लोक माझं ऐकतात, फक्त घरात नाही.

२५ मार्च
तिसरा अडथळा: रस्त्याच्या मधोमध झोपणारा म्हातारा कुत्रा. गाड्या त्याला वळसा घालून जातात. बिस्किटं दाखवून आमच्या अंगणात आणला. आता तो आमच्या पायपुसण्यावर झोपतो आणि मला घरात येताना गुरगुरतो. ही म्हणते, दोघांपैकी घरात कोण राहणार ते ठरवा. तिने हे हसत म्हटलं असावं.

५ एप्रिल
वेग वाढला, पण गाड्या कमी. थोडी वर्दळ पाहिजे. टॅक्सी स्टँडवर जाऊन दोन-चार जणांना सहज बोलल्यासारखं सांगितलं की आमच्या रस्त्याने गेलात तर मोठ्या चौकातला सिग्नल टळतो. ऑफिसातही सांगितलं. कुरिअरवाल्यांना सांगितलं. सगळ्यांनी आभार मानले.
कन्येला विचारलं की मोबाइलच्या नकाशात आपला रस्ता जवळचा म्हणून कसा दाखवायचा. ती म्हणाली, बाबा, तू बरा आहेस ना?

२ मे
दृष्ट लागण्यासारखा रस्ता झाला आहे. सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसलो की गाड्या सूं सूं जातात. पेपरची पानं उडतात. याच वेगाने त्याचं पोट घासणार या विचाराने चहा गोड लागतो.
एकच गोष्ट खटकली. लाल गाडी फार हळू चालवतो हल्ली. मागचे हॉर्न मारतात, तरी हा ढिम्म. घाबरला असणार.

१९ मे
अर्ज मंजूर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नळ्या.
चौथा आणि शेवटचा अडथळा लक्षात आला. लिहायला जरा जड जातंय. आई.
आई रोज पाचला जाते आणि दिवे लागायला परत येते. एकेक पाऊल टाकत, काठी टेकत, मध्येच उभी राहून कुणाशी बोलत. तेवढा वेळ दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात. एकदा गाड्या थांबल्या की पुढचे कितीतरी लोक हळूच येतात. सगळी सरासरी मातीत.
एका आठवड्याचा प्रश्न आहे. तिच्याच सुरक्षिततेसाठी चाललं आहे हे सगळं.

९ जून
नळ्या टाकल्या. या वेळी भगवं जाकीट नाही, मी पडद्याआड.
आईची काठी दुरुस्तीला टाकली. खालचं रबर झिजलं होतं. खरंच झिजलं होतं, थोडं. दुकानदार म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, थांबा. मी म्हटलं, छे छे, सावकाश होऊ दे, आठवड्याने येतो.
आई म्हणाली, अरे, मग मी जाऊ कशी? मी म्हटलं, चार दिवस विश्रांती घे. ती म्हणाली, विश्रांतीच तर घेतेय दहा वर्षं, मध्ये तेवढे दोन तास असतात.

११ जून
आकडे उत्तम असणार. आवाजावरूनच कळतं. मी स्वतः संध्याकाळी स्कूटर घेऊन नळ्यांवरून भरधाव जातो, मागच्या गल्लीने वळून परत येतो, परत जातो. बेकरीवाला ओरडला, अहो जरा सांभाळून, माणसं राहतात इथे! त्याला काय सांगणार.
आई खिडकीत बसून एकटीच पत्ते लावते. समोरून नर्सबाई हात करतात. आईही हात करते. मग दोघी आपापल्या जागी बसून राहतात.
आज जेवली नाही नीट. उकाडा आहे.

१३ जून
दातवाला दारात. आजी दिसल्या नाहीत, बऱ्या आहेत ना? काठी दुरुस्तीला गेली म्हटल्यावर म्हणाला, माझ्याकडे एक आहे, आणून देऊ? मी म्हटलं, आईला दुसऱ्याची काठी चालत नाही. आतून आई म्हणाली, चालते की!
दार लावून घेतलं. वारा फार होता.
  

१७ जून
नळ्या काढून नेल्या. आईला काठी परत. रबर नवं कोरं. आई काठी घेऊन फाटकापर्यंत गेली, उभी राहिली, आणि परत आली. म्हणाली, आज फार गाड्या आहेत, उद्या जाईन.

२० जून
आईचं उद्या अजून आलेलं नाही.

२७ जून
सेहेचाळीस!!!
इंजिनिअरबाईंचा फोन. रस्त्याचा वेग सेहेचाळीस. त्या स्वतः पाहणीला येणार आहेत. बेकरीतून मोठा केक आणला. बेकरीवाल्याने विचारलं, वर काय लिहू? मी म्हटलं, सेहेचाळीस. तो म्हणाला, वाढदिवस वहिनींचा का? मी हो म्हटलं. घरी ही चिडली. तिला एकोणपन्नास पूर्ण झाली आहेत, आणि वाढदिवस डिसेंबरात असतो.
गतिरोधकाचं अंतिम चित्र काढलं. ठळक पांढरे पट्टे. खाली लाल गाडी. गाडीखाली ठिणग्या.

१ जुलै
इंजिनिअरबाई आल्या. मी फाटकातच उभा होतो, हातात चित्र.
लिहितो. जसं झालं तसं लिहितो.
त्या म्हणाल्या, गतिरोधक देता येणार नाही.
मी म्हटलं, सेहेचाळीस! त्या म्हणाल्या, वेग बसतो, पण गाड्यांची संख्या चौपट झाली आहे. एवढ्या गाड्या जातात तो वस्तीतला रस्ता धरत नाहीत, जोडरस्ता धरतात. जोडरस्त्यावर गतिरोधक बसत नाही, कारण अँब्युलन्स आणि बंब तिथूनच न्यायचे असतात. आपला रस्ता आता यादीत जोडरस्ता म्हणून चढला आहे. मध्ये पांढरी रेघ येणार. कडेला गाड्या उभ्या करायला बंदी. वेगमर्यादा पन्नास.
म्हणजे दातवाला आता पन्नासने जाऊ शकतो. कायद्याने. माझ्या मेहनतीने.
मग त्यांनी ती फाइल काढली, पहिल्या वेळची, आणि मी तेव्हा न पाहिलेलं पान दाखवलं. म्हणाल्या, खरं सांगू का, त्या वेळी वेग कमी होता तरी मला आशा होती. आमचा माणूस संध्याकाळी बसून पायी ओलांडणारे मोजतो. त्याने लिहिलं होतं की एक वृद्ध बाई रोज पाच वाजता काठी घेऊन ओलांडतात. जिथे वृद्ध माणूस रोज ओलांडतं, तिथे वेग कमी असला तरी आम्ही एक उंच पट्टा बांधतो. चालायला सपाट, गाड्यांना उंच. दोन्ही सर्व्हेंत ती नोंद असली की झालं. म्हणून तर तुम्हाला परत अर्ज करा म्हटलं. पण या वेळी त्या आठवडाभर दिसल्याच नाहीत. वारल्या का हो त्या?
मी म्हटलं, नाही. आत आहेत.
त्या पान वाचत होत्या. एक लाल गाडी रोज त्यांच्यासाठी आडवी थांबते आणि त्या पलीकडे पोहोचेपर्यंत दोन्ही दिवे लुकलुकत ठेवते, असंही त्याने लिहिलंय बघा, म्हणाल्या.
मी ते पान बघितलं नाही.
जाताना त्या म्हणाल्या, सॉरी, निकषात बसत नाही. हे वाक्य मी सव्वीस वर्षं रोज बोलतो. आज पहिल्यांदा ऐकलं.
चित्र मागे लपवलं होतं. त्यांनी पाहिलं असावं. ठिणग्या फारच मोठ्या काढल्या होत्या.

३ जुलै
माझी चूक नाही. निकष चुकीचे आहेत. पंच्याऐंशी हा आकडाच मुळात घातकी आहे.
वरच्या ऑफिसात तक्रार करणार.

४ जुलै
तक्रार केली नाही. तक्रारीत काय लिहायचं, ते सुचेना.

८ जुलै
पांढरी रेघ आली. व्हॅन नाही, खड्डा नाही, कुत्रा नाही. गाड्या दोन्हीकडून अशा येतात की फाटकाची कडी वाजते. कुत्रासुद्धा आता बाहेर जात नाही.
आई रोज पाच वाजता साडी बदलते, पत्त्यांचा जोड पदराला बांधते, फाटकापर्यंत जाते, उभी राहते. मग येऊन साडी परत बदलते. मला काही म्हणत नाही. काही म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तयार आहे.

१० जुलै
ठरवलं. माझा रस्ता मी थांबवणार. भगवं जाकीट घातलं, टोपी घातली, आईला हाताला धरलं आणि रस्त्यात उतरून हात वर केला.
एक टॅक्सी थांबली नाही. दुसरी थांबली. तिच्यातला माणूस डोकं बाहेर काढून ओरडला, ओ काका, मरायचंय का, सिग्नल टाळायला लोक इथून येतात, तुम्ही मध्ये काय नाचता? ओळखीचा चेहरा होता. स्टँडवर मीच त्याला हा रस्ता सांगितला होता.
आईने माझा हात सोडवून घेतला आणि मागे फिरली. मी पुढेच होतो. मागून मोठा हॉर्न आला. प्रसंगावधान राखून झेप घेतली.
कुंपण तेच. या वेळी अंडी नव्हती, एवढंच.

१२ जुलै, संध्याकाळी
हे लिहिलंच पाहिजे असं नाही. तरी लिहितो.
पाच वाजता लाल गाडी आमच्या फाटकाशी लागली. दातवाला उतरला, पलीकडचं दार उघडलं, म्हणाला, चला आजी, नर्सबाई वाट बघतायत. आई साडी बदलून तयारच होती. दोघांचं आधीच ठरलेलं दिसलं. मला कुणी सांगितलं नाही.
दहा पावलांचा रस्ता. तो ओलांडायला लाल गाडी आईला घेऊन थेट टोकाच्या चौकापर्यंत गेली, वळसा घालून पलीकडच्या बाजूने परत आली. इतकी हळू की कुत्र्याने चालत गाठली असती. दोन्ही दिवे लुकलुकत. मागे टॅक्सी, कुरिअर, माझ्या ऑफिसचा एक जण, सगळे हॉर्न मारत रांगेत. तो ढिम्म. सगळा जोडरस्ता त्याच्यामागे सरपटत होता. माझ्या रस्त्यावर इतक्या हळू गाड्या मी किती महिन्यांत पाहिल्या नव्हत्या.
आई नर्सबाईंच्या दारात उतरली. नर्सबाई पायऱ्या उतरून आल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि तशाच उभ्या राहिल्या. मला गॅलरीतून नीट दिसत नव्हतं. डोळ्यांत धूळ गेली होती. फार गाड्या आहेत.
मग आई वळली आणि मला हात करायला लागली. वाटलं, मला बोलावते आहे. मग कळलं. काठी इथेच राहिली होती.
काठी घेऊन फाटकात गेलो. गाड्या थांबेनात. एक पाऊल पुढे, एक मागे. समोर आई उभी, एका हाताने नर्सबाईंना धरून. मी काठी उंच करून दाखवली. तिने मान हलवली. ओलांडता काही येईना.
लाल गाडी वळसा घालून परत आली. माझ्यासमोर थांबली. काच खाली झाली.
बसा काका, म्हणाला.
मागे हॉर्न वाजायला लागले. आई तिकडून बघत होती.
बसलो. काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. दातवाल्याने विचारलं, बटण लागलं का परत शर्टाला? मी म्हटलं, हो. खणात आहे ते. आज लावून टाकीन.
चौकात वळताना रस्ता थोडा उंच आहे. नकळत कान देऊन बसलो होतो. गाडीचं पोट कुठेच घासलं नाही.